लघवीचा कल्चर रिपोर्ट कसा वाचावा

लघवीतले जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून तपासतात, ते कल्चर. त्याच्या रिपोर्टच्या खालच्या भागात औषधांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एस, आय किंवा आर असं एक अक्षर. बहुतेक लोक वरचं काहीच न वाचता थेट तिथे जातात, पहिल्या एसवर बोट ठेवतात आणि विचारतात, "ताई, ही घेतली तर चालेल का?" मी मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग सांभाळते. औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही आणि तशी हौसही नाही. पण ते अक्षर टाईप करणारी मीच असते, त्यामुळे ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मात्र सांगू शकते.

एस म्हणजे 'हे औषध घ्या' असं नव्हे. एस म्हणजे तुमच्या लघवीत सापडलेल्या जंतूची वाढ या औषधाने थांबते, एवढंच. आर म्हणजे थांबत नाही. आय मधला, त्याकडे पुढे येते. जंतू शरीरात जिथे बसलाय तिथपर्यंत ते औषध पोचतं का, तुमच्या किडनीला झेपतं का, गोळीवर भागेल की इंजेक्शन लागेल, यातलं काहीही त्या अक्षरात नसतं. ते कळायचं तर औषध जंतूच्या कोणत्या भागावर घाव घालतं, हे थोडंफार माहीत पाहिजे. म्हणून हा रिपोर्ट आपण वरून खाली, सावकाश वाचू.

त्याआधी, नमुना

रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा लॅबमध्ये नाही, घरी. उन्हाळी लागली की आधी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, मग शेजारणीकडे उरलेल्या दोन गोळ्या आणि तरीही जळजळ थांबली नाही की तिसऱ्या दिवशी नमुना, असा आपल्याकडचा क्रम. धने-जिऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. गोळ्यांबद्दल आहे. अँटिबायोटिक लघवीतून बाहेर पडतं, म्हणजे ते नमुन्यातही उतरतं आणि आमच्या प्लेटवर जंतूला वाढू देत नाही. रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ', जळजळ मात्र तशीच. तेव्हा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या. आधीच काही घेतलं असेल तर फॉर्मवर लिहा, लपवू नका.

डबी लॅबमधूनच आणा. उकळून घेतलेली जॅमची बाटली निर्जंतुक होत नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. पहिल्या धारेत कातडीवरचे जंतू वाहून येतात, आम्हाला मूत्राशयातले हवे असतात. नमुना दोन तासांच्या आत पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. उन्हाळ्यात तासगाव-जतहून एसटीने येणारी डबी पिशवीत तीन-चार तास उबत राहते. ई. कोलायला पोषक वातावरण मिळालं की तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. मग पोटात किती होते आणि पिशवीत किती झाले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणखी एक. काहीही त्रास नसताना, 'वय झालंय, एकदा बघून घेऊ' म्हणून कल्चर करू नका. वयस्कर माणसांच्या, विशेषतः बायकांच्या लघवीत जंतू सापडणं सर्रास आहे. त्रास नसेल तर त्यावर औषध लागत नाही. याला दोन ठळक अपवाद, गरोदर बाई आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेला रुग्ण. उलट थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, गरोदरपण, लहान मूल, लघवीची नळी बसवलेला माणूस, यांपैकी काही असेल तर नमुना देऊन लगेच डॉक्टरांकडे जा. दोन दिवसांनी येणाऱ्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका.

वरचा भाग: किती आणि कोण

'कॉलनी काउंट' असा रकाना दिसेल आणि त्यापुढे १ लाख सीएफयू (म्हणजे ठिपका धरणारे जिवंत जंतू) प्रति मिलि किंवा तत्सम आकडा. तो येतो कुठून ते सांगते. आमच्याकडे तारेचं एक बारीक कडं असतं. त्यात बरोबर ०.००१ मिलि लघवी मावते. ती प्लेटवर पसरवून ३७ अंशांवर रात्रभर ठेवली की प्रत्येक जिवंत जंतूपासून एक ठिपका तयार होतो. शंभर ठिपके मोजले तर एक मिलिमध्ये एक लाख. ही एक लाखाची रेषा १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांच्या कामातून आली. ती आजही वापरतात, पण ती दगडावरची रेघ नाही. जळजळ होत असलेल्या बाईच्या लघवीत एकाच जातीचे दहा हजार जंतू मिळाले तरी त्याला अर्थ असतो.

'मिक्स्ड ग्रोथ' किंवा 'तीनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू' असं लिहिलं असेल तर बहुधा नमुना नीट घेतला गेलेला नाही. त्यावर औषधांची यादी आम्ही देत नाही. लोक चिडतात, पैसे घेतले आणि यादी नाही म्हणतात. पण कातडीवरच्या जंतूंवर औषधं तपासून द्यायची म्हणजे फसवणूकच.

त्यानंतर जंतूचं नाव. मूत्रमार्गात सगळ्यात जास्त भेटतो तो ई. कोलाय, आतड्यातला नेहमीचा रहिवासी. मॅककॉन्की नावाच्या माध्यमावर, म्हणजे प्लेटमधल्या जंतूंच्या खाद्यावर, तो गुलाबी वाढतो. त्याच्या मागोमाग क्लेबसिएला, तोही गुलाबी पण चिकट, बुळबुळीत. मग प्रोटिअस, स्यूडोमोनास, एन्टरोकॉकस. नाव महत्त्वाचं, कारण काही जंतू काही औषधांना जन्मजातच दाद देत नाहीत. क्लेबसिएलावर ॲम्पिसिलिन चालत नाही, प्रोटिअसवर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही. हे तपासायचीही गरज नसते. आणि नावाच्या जागी 'कॅन्डिडा' आलं तर ती बुरशी आहे. तिच्यावर कोणतंही अँटिबायोटिक काम करत नाही. तिची औषधं वेगळी, आणि पुष्कळदा तिला औषध लागतही नाही.

एस आणि आर ठरतं कसं

तुमचा जंतू सलाइनमध्ये कालवून त्याचा ठराविक गढूळपणा करतो, मग तो म्युलर-हिंटन माध्यमाच्या प्लेटभर सारवतो. त्यावर ६ मिमीच्या कागदी चकत्या ठेवतो. प्रत्येक चकतीत एका औषधाची ठरलेली मात्रा असते. रात्रभरात औषध चकतीतून बाहेर झिरपतं, जवळ दाट आणि लांब विरळ. जिथपर्यंत ते जंतूला रोखू शकतं तिथपर्यंत प्लेट स्वच्छ राहते, त्यापलीकडे जंतूची साय धरते. सकाळी त्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजायचा. ही पद्धत बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रमाणित करून मांडली. मोठ्या लॅबमध्ये आता यंत्रं असली तरी पट्टी अजून आमच्या खिशात असते.

आता इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. रिपोर्टवर मिमी छापलेले असतील तर मोठा आकडा म्हणजे जोरदार औषध असं समजतात. तसं नाही. प्रत्येक औषधाची पास होण्याची रेषा वेगळी, जशी गणिताला ३५ आणि प्रात्यक्षिकाला ४०. अमेरिकन तक्त्यानुसार ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचं वर्तुळ २६ मिमी किंवा जास्त असेल तरच एस, २१ किंवा कमी असेल तर आर. नायट्रोफ्युरँटॉइनला १७ मिमी पुरतात. म्हणजे एकाच रिपोर्टवर सिप्रोचे २० मिमी नापास आणि नायट्रोफ्युरँटॉइनचे १८ मिमी पास असू शकतात. कारण औषधाचे रेणू माध्यमात किती भरभर पसरतात आणि शरीरात त्याची किती पातळी गाठता येते, हे दोन्ही त्या रेषेत धरलेलं असतं.

एमआयसीचा आकडा असेल तरीही तेच. तो म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची कमीत कमी मात्रा. सिप्रोपुढे १ आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ३२ दिसलं तर 'एक कमी म्हणजे बरं' म्हणू नका. सिप्रोला १ म्हणजे आर आणि दुसऱ्याला ३२ म्हणजे एस. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नाहीत. आकडा सोडा, अक्षर वाचा.

आय या अक्षराचा अर्थ तक्त्यावर अवलंबून आहे. रिपोर्टच्या तळाशी सीएलएसआय (अमेरिकन तक्ता) किंवा युकास्ट (युरोपियन तक्ता) असं लिहिलेलं असतं. युकास्टमध्ये आय म्हणजे 'औषध चालेल, पण जास्त मात्रेत'. सीएलएसआयमध्ये तो मधला, काठावरचा गट. दोन्हीकडे त्याचा निर्णय डॉक्टरांचा.

यादीतली घराणी

यादीत पंधरा-वीस नावं दिसतात, पण घराणी पाच-सहाच. अँटिबायोटिकची सगळी करामत एका गोष्टीवर उभी आहे: जंतूकडे असं काय आहे जे आपल्या पेशीकडे नाही? तिथेच मारायचं.

पहिली गोष्ट म्हणजे भिंत. जंतूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाचं जाळं असतं, साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे छोटे तुकडे. आतला दाब बराच असतो, हे जाळं तो पेलतं. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. जंतू वाढताना, दुभंगताना जाळं सतत उसवतो आणि नव्याने जोडतो. ते आडवे टाके घालणारं त्याचं जे एन्झाइम, त्यालाच जाऊन चिकटतात पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद. टाके पडत नाहीत, उसवणं चालूच राहतं, आणि जंतू आतल्या दाबाने फुटतो. म्हणून ही औषधं वाढत्या जंतूवर उत्तम चालतात, निवांत पडलेल्यावर नाही. आपल्याकडे भिंत नसल्यामुळेच यांची मात्रा बरीच वाढवली तरी सहसा निभावतं. ॲलर्जी हा वेगळा भाग, आणि ती असेल तर प्रत्येक डॉक्टरला सांगायलाच हवी. फ्लेमिंगना १९२८ मध्ये दिसलेलं पेनिसिलिन आपल्याकडे बनवण्यासाठी १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुण्याकडच्या जुन्या लोकांना ते नाव लगेच आठवेल.

या घराण्यात ॲम्पिसिलिन-ॲमॉक्सिसिलिन, 'सेफ'ने सुरू होणारी सगळी (सेफिक्झिम, सेफ्युरोक्झिम, सेफ्ट्रायॲक्झोन) आणि 'पेनेम'ने संपणारी (मेरोपेनेम, इमिपेनेम, एर्टापेनेम) येतात. जंतूंनी यांच्यावर उतारा काढला तो बीटा-लॅक्टमेज नावाच्या एन्झाइमचा. हे एन्झाइम औषधाच्या रेणूतलं चार अणूंचं कडं फोडतं आणि औषध निकामी होतं. त्यावर माणसाने काढलेला प्रतिउतारा म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. घराघरात माहीत असलेली '६२५ ची गोळी' म्हणजे ५०० मिग्रॅ ॲमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिग्रॅ क्लॅव्ह्युलॅनेट. दुसरं स्वतः जंतूला फारसं मारत नाही, ते त्या एन्झाइमला गुंतवून ठेवतं, तेवढ्यात पहिलं आपलं काम करतं.

रिपोर्टवर 'ईएसबीएल प्रोड्यूसर' असा शेरा असेल तर जंतूकडे या एन्झाइमची वाढीव आवृत्ती आहे. मग 'सेफ'वाली बहुतेक आर दिसतील. अशा वेळी आजार गंभीर असेल तर डॉक्टर पेनेमकडे वळतात, आणि ती शिरेतून द्यायची औषधं आहेत. पेनेमसुद्धा आर दिसू लागली तर मात्र मी फोन उचलते आणि डॉक्टरांना स्वतः कळवते, रिपोर्ट जाण्याची वाट बघत नाही. पेनेम फोडणाऱ्या एका एन्झाइमच्या नावातच नवी दिल्ली आहे, एनडीएम. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाकडून २००८ मध्ये हे एन्झाइम असलेला जंतू मिळाला. नावावरून आपल्याकडे पुष्कळ आरडाओरड झाली. एन्झाइमला त्याचं काही वाटलं नाही, ते पसरतच राहिलं.

फॉस्फोमायसिन हेही भिंतीवरचंच, पण ते अगदी पहिल्या पायरीला अडवतं, विटाच घडू देत नाही. ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात ते उपयोगी पडतं आणि ईएसबीएल असला तरी बऱ्याचदा एस येतं. लोकांचा मात्र एका पुडीवर विश्वास बसत नाही.

दुसरा फरक प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा. जंतूचा ७० एस आकाराचा, आपल्या पेशीतला ८० एस. (हा एस वेगळा, त्या अक्षराशी याचा संबंध नाही.) जेंटामायसिन आणि ॲमिकासिन जंतूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटतात, आणि मग तो जनुकातला मजकूर चुकीचा वाचून भलतीच प्रथिनं बनवत सुटतो. ही औषधं आतड्यातून शोषली जात नाहीत, म्हणून इंजेक्शनच. यादीत यांच्यापुढे पुष्कळदा एस असतो, आणि तरी डॉक्टर ती टाळतात. कारण ती किडनीत आणि कानाच्या आतल्या पेशींत साठून त्यांना इजा करू शकतात. आपल्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा (ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) रायबोसोम जंतूच्या रायबोसोमसारखा आहे, त्यामुळे फरक वाटतो तितका पक्का नाही. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी मंदावलेल्या, आजोबांना ॲमिकासिनचा एस दाखवून "हे का नाही दिलं?" म्हणून डॉक्टरांशी भांडू नये, ते एवढ्यासाठी.

ॲझिथ्रोमायसिनही रायबोसोमवरच काम करतं, पण ते या यादीत सापडणार नाही. "ताई, ते तीन दिवसांचं पाचशेचं कुठंय?" हा प्रश्न आम्हाला नेमाने येतो. ते लघवीत पुरेसं उतरत नाही आणि ई. कोलायच्या मूत्रसंसर्गावर त्याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही ते तपासतच नाही. सर्दीसाठीही ते घेऊ नका, पण त्याकडे पुढे येते. जाता जाता एवढंच, शेवटी 'मायसिन' आहे म्हणून औषधं एका घराण्यातली समजू नका. जेंटामायसिन, ॲझिथ्रोमायसिन, फॉस्फोमायसिन, व्हँकोमायसिन ही चारही चार दिशांची आहेत.

तिसरं, 'फ्लॉक्सासिन'ने संपणारी: सिप्रो, लिव्हो, नॉर. जंतूचा डीएनए त्याच्या लांबीपेक्षा कितीतरी लहान जागेत पीळ घालून बसवलेला असतो. दुप्पट होताना तो पीळ सोडावा लागतो, आणि त्यासाठी डीएनए कापून पुन्हा जोडणारं गायरेज नावाचं एन्झाइम असतं. ही औषधं त्याला कापल्यानंतरच्या अवस्थेत अडकवतात. तुकडे तसेच राहतात आणि जंतू मरतो. एकेकाळी लघवीच्या प्रत्येक तक्रारीवर हीच गोळी मिळायची. आज माझ्या टेबलावर ई. कोलायपुढे सिप्रोचा आर इतक्या वेळा येतो की एस आला तर मी प्लेट पुन्हा बघते. एस आलाच आणि डॉक्टरांनी दिलीच, तर कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका. ती पोटातच तिला बांधून ठेवतात. सिप्रो आधी घ्या, या गोळ्या निदान दोन तासांनी. उलट क्रमाने घ्यायची तर सहा तास जाऊ द्या. आणि औषध चालू असताना टाच दुखायला लागली तर डॉक्टरांना कळवा, ही औषधं स्नायुबंधांना त्रास देतात.

चौथं, को-ट्रायमॉक्साझोल. आपण फॉलिक ॲसिड खाण्यातून मिळवतो, जंतू ते स्वतः बनवतो. हे औषध म्हणजे दोन औषधांची जोडी आहे आणि ती जोडी फॉलिक ॲसिड बनवण्याच्या साखळीत दोन ठिकाणी अडथळा आणते. जुनं, स्वस्त, एस असेल तर चांगलं. सल्फाची ॲलर्जी असेल तर वर्ज्य.

आता नायट्रोफ्युरँटॉइन, ज्याच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला बसले. यादीत बाकी सगळे आर आणि हा एकटा एस, असे रिपोर्ट दर आठवड्याला जातात. जंतूच्या आत गेल्यावर त्याचीच एन्झाइमं या औषधाचं रूपांतर अतिशय दाहक रेणूंत करतात, आणि ते रेणू डीएनए, रायबोसोम, इतर प्रथिनं, जे सापडेल त्यावर तुटून पडतात. एकच निशाणा असला तर जंतू तो बदलून निसटतो. दहा ठिकाणी एकदम बदल करणं त्याला अवघड जातं. म्हणून इतक्या वर्षांनंतरही हे औषध टिकून आहे.

पण हे रक्तात जवळजवळ साठतच नाही. पोटातून शोषलं जातं आणि किडनी ते लगेच लघवीत टाकून देते. मूत्राशयात भरपूर, किडनीच्या गाभ्यात आणि रक्तात नगण्य. म्हणजे नुसती जळजळ, वारंवार लघवी, ताप नाही, अशा बाईसाठी ते उत्तम. त्याच रिपोर्टवर, त्याच एसवर, पण थंडी-ताप आणि कमरेत कळ असलेल्या माणसाला हे दिलं तर लघवी दोन दिवस बरी वाटेल आणि किडनीतला संसर्ग वाढत राहील. किडनीचं काम बरंच मंदावलेलं असेल तर औषध लघवीत पुरेसं उतरत नाही, तेव्हाही उपयोग नाही. रिपोर्ट छापताना तुम्हाला ताप आहे की नाही हे मला माहीत नसतं. बाळंतपण जवळ आलेल्या बाईने आणि जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्याने ते घेऊ नये, हेही डॉक्टरच बघतात. मिळालंच तर जेवणाबरोबर घ्या, मळमळ कमी होते. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे.

यादीच्या तळाला कोलिस्टिन असेल तर ते जंतूच्या बाहेरच्या पडद्याला भगदाडं पाडतं, आणि आपल्या किडनीलाही सोडत नाही. अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं. सीएलएसआयच्या तक्त्यात आता त्याला एस हा वर्गच नाही, फक्त आय आणि आर. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. त्याआधी ते खाद्यात मिसळलं जायचं, हे ऐकून भल्याभल्यांचा घास थांबतो.

आणि व्हायरस?

"तापाचं पण कल्चर करून द्या, कोणती गोळी लागू पडते बघू." असं म्हणणाऱ्यांना आधी विचारते, ताप कसला? व्हायरस आमच्या प्लेटवर वाढतच नाही. त्याला भिंत नाही, रायबोसोम नाही, स्वतःचं काहीही बनवायची सोय नाही. आपल्या पेशीत शिरून तो आपलीच यंत्रणा वापरतो. वर सांगितलेल्या पाचही ठिकाणी मारायला गेलं तर तिथे काही नसतंच. म्हणून सर्दी-पडशावर ॲझिथ्रोमायसिन घेतलं तर व्हायरसला कळतही नाही. आतड्यातल्या ई. कोलायला मात्र चांगलं कळतं, आणि तोच उद्या लघवीत येतो.

तरीही बरेच व्हायरस आपलं एखादं एन्झाइम बरोबर आणतात आणि औषध तेवढंच धरून बसतं. नागिणीचं उदाहरण घ्या. लहानपणीच्या कांजिण्यांचा व्हायरस मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि उतारवयात नागीण म्हणून उठतो. त्यावरचं ॲसायक्लोव्हिर हे डीएनएच्या एका घटकाचं सोंग घेतलेलं औषध आहे. पण पहिला फॉस्फेट जोडल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि तो जोडतं व्हायरसचंच एन्झाइम. म्हणजे ज्या पेशीत व्हायरस आहे तिथेच औषध चालू होतं, शेजारच्या निरोगी पेशीत ते जवळजवळ निद्रिस्त. मग ते व्हायरसच्या नव्या डीएनएत घुसतं आणि साखळी तिथेच तुटते. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्यात हे औषधही येतं. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हायला हवं. व्हायरसची छपाई जोरात चालू असते तेव्हाच ते उपयोगी. गेरू लावून, नागिणीची तोंडं मिळतात का बघत आठवडा घालवलात तर उरतात त्या नुसत्या कळा.

फ्लूच्या ओसेल्टामिव्हिरचंही तसंच. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा टॅमिफ्लू हे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. नवे व्हायरस पेशीच्या पृष्ठभागावरून सुटण्यासाठी न्युरामिनिडेज नावाचं एन्झाइम वापरतात. हे औषध त्याला अडवतं, व्हायरस तिथेच चिकटून राहतो. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर फायदा जास्त. एचआयव्हीत एका गोळीत तीन औषधं असतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर. एका औषधाला चुकवणारा व्हायरस दुसऱ्यात सापडावा म्हणून. पण त्याची प्रत आपल्या पेशीच्या डीएनएत बसलेली असते, म्हणून गोळी आयुष्यभर. हिपॅटायटिस सी तसा डीएनएत बसत नाही, तो सोफोसबुव्हिरच्या जोडगोळीने बहुतेकांचा काही आठवड्यांत कायमचा बरा होतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्यावर आज असं औषध नाही. तिथे पाणी, पॅरासिटामॉल आणि लक्ष ठेवणं हाच उपचार.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे

रिपोर्ट यायच्या आधी डॉक्टरांनी अंदाजाने एखादं औषध सुरू केलेलं असतं. रिपोर्ट आल्यावर तो दाखवायचाच, 'बरं वाटतंय' म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायचा नाही. चालू औषधापुढे आर असेल तर ते बदलावं लागेल. एस असेल पण त्याहून साधं, कमी जंतूंवर परिणाम करणारं औषधही एस असेल, तर "साध्यावर उतरता येईल का?" असं जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणखी विचारायचं ते हे: संसर्ग मूत्राशयापुरता आहे की किडनीपर्यंत गेलाय, किती दिवस घ्यायचं, माझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल का. दिवस त्यांनी सांगितले तेवढेच. पाच सांगितले तर पाच, पाकिटात दहा गोळ्या आहेत म्हणून दहा नाहीत. योग्य औषध चालू असूनही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत जा, खडा किंवा अडथळा असू शकतो.

मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलं नाही तर त्याच्यावर ओरडू नका. सेफिक्झिमसारखी, मेरोपेनेमसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते आणि दुकानदाराला वहीत रुग्णाचं, डॉक्टरचं नाव लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते.

त्रास गेला तर 'स्वच्छ झालं का बघू' म्हणून पुन्हा कल्चर करायची गरज नसते. गरोदर बायकांना ते सांगितलं जातं, तेवढं करा. आलेला रिपोर्ट मात्र फेकू नका. फोनमध्ये फोटो काढा, तारीख आणि जंतूचं नाव दिसेल असा. वर्षभरात पुन्हा उन्हाळी लागली तर नवा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस कोणत्या औषधाने काढायचे, हे ठरवताना डॉक्टर सगळ्यात आधी त्या जुन्या रिपोर्टवरचे आर बघतील.